गावाची नोंदवही विद्यार्थ्यांच्या हाती

(माध्यमिक शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्या शिबिरात केलेले भाषण)



विषयाकडे वळण्यापूर्वी आपणांस दोन साधे प्रश्न विचारावेसे वाटतात. आपल्या शिवारात गाजरगवत प्रथम कोणत्या वर्षी उगवले? आणि आपल्या गावावर घिरट्या घालणारे गिधाड आपण शेवटचे कोणत्या वर्षी पाहिले?

आपल्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटले आहे तेच माझ्या प्रश्नाचे उत्तर होय. १९५५ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात गाजरगवत पसरू लागल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. त्यानंतर त्याने सारा देश व्यापला. परंतु ते आपल्या बांधावर केव्हा पोहोचले, हे सांगणारा एक कागदही आपल्या गावच्या दप्तरात सापडत नाही. गावातील जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद सातबाऱ्यावर आहे, जन्माची आहे, मृत्यूची आहे. त्या जमिनीवर जगणारे सजीव, तिच्यावर पडणारा पाऊस आणि तिच्या पोटातील पाणी यांची नोंद मात्र नाही.

अशी नोंद असली म्हणजे काय घडते, हे गिधाडांच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची पद्धतशीर गणना केली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच ठिकाणी पुन्हा गणना केली, तेव्हा गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे उघड झाले. मग कारणाचा शोध सुरू झाला. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते व त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हे सारे शक्य झाले याचे कारण, कोणीतरी पूर्वी मोजून ठेवले होते. ‘पूर्वी खूप गिधाडे असत’ हे तर गावोगावचे वडीलधारे सांगतच होते. पण आठवण ही नोंद नव्हे. आठवणीला तारीख नसते, संख्या नसते, आणि म्हणून तिच्यापुढे कोणत्याही कार्यालयाला उत्तर द्यावे लागत नाही.

आपल्या माध्यमिक शाळांतील विद्यार्थी हे नोंदीचे काम करू शकतात, आणि त्यांच्याइतके चांगले ते दुसरे कोणी करू शकणार नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

शासनाची यंत्रणा व गावाची गरज

हे काम शासनाचे नाही काय, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. शासन आपल्या परीने ते करीत आलेले आहे. १९७२ साली, दुष्काळाच्या काळात, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना झाली. राज्यातील सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पाणीपातळी ही यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. पावसासाठी महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. या आकडेवारीवरून तालुक्याचे व जिल्ह्याचे चित्र उभे राहते.

तथापि राज्यात गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत. म्हणजे सरासरीने दहा गावांत मिळून एकही निरीक्षण विहीर येत नाही. त्यात महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा थर आहे. या खडकात पाणी वाळूत मुरावे तसे सर्वत्र सारखे मुरत नाही. ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत साठते. यामुळेच एका बांधावरील विहीर मे महिन्यात तुडुंब असते आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरील विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. शेजारच्या गावच्या विहिरीचा आकडा आपल्या गावाला लागू पडेलच असे नाही. पावसाचीही गोष्ट तीच. मंडळाच्या गावी सर कोसळते आणि दोन टेकड्यांपलीकडे धूळ उडत असते, हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे.

तेव्हा शासनाची आकडेवारी जेथे संपते, तेथून गावाची नोंद सुरू व्हावयास हवी. ही शासनाशी स्पर्धा नव्हे. तिच्यामुळे शासनाच्या कामाला पूर्णता येणार आहे.

शाळाच का?

हे काम शाळेनेच का करावे, याची मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण सातत्याचे. अधिकारी बदलून जातात. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांनी संपते. स्वयंसेवी संस्थेचा प्रकल्प निधीबरोबर समाप्त होतो. शाळेत मात्र दर जूनमध्ये नवी मुले येतात आणि मागील मुले वरच्या वर्गात जातात. दहावीच्या मुलाने जाण्यापूर्वी नववीच्या मुलाला मोजमाप शिकवावे, नववीच्याने आठवीच्याला शिकवावे, असा शिरस्ता एकदा पडला म्हणजे नोंदवहीचा हात बदलत राहतो, पण लेखणी थांबत नाही.

दुसरे कारण विस्ताराचे. ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत आसपासच्या अनेक गावांतून आणि वाड्यावस्त्यांवरून मुले येतात. प्रत्येक वाडीवरच्या दोघा मुलांनी आपापल्या वाडीतील एक विहीर, एक झाड आणि एक ओढा सांभाळला, तर एकाच शाळेत सगळ्या परिसराचे चित्र गोळा होते. एवढे विस्तृत जाळे कोणत्याही खात्याला पगारी माणसे नेमून उभारता येणार नाही.

तिसरे कारण शिक्षणाचे, आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे. राज्य मंडळाने नववी व दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय आणला. विज्ञानाच्या पुस्तकात परिसंस्था आहे, भूगोलात पर्जन्यमान आहे, गणितात सरासरी व आलेख आहेत. हे सारे मुले पाठ करतात. परंतु ज्याने स्वतःच्या हाताने वर्षभर विहीर मोजली, त्याला सरासरी म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. शिक्षकांवर अध्यापनाव्यतिरिक्त किती कामांचा भार आहे याची मला जाणीव आहे. म्हणूनच माझा आग्रह असा, की हे काम आणखी एक अतिरिक्त काम म्हणून मुळीच लादले जाऊ नये. जे शिकवावयाचेच आहे ते शिकविण्याची ही एक रीत ठरावी.

काय मोजावे, कसे मोजावे

आरंभ थोडक्यात करावा. मी तीनच गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट पाऊस. पर्जन्यमापक उघड्या जागी, जवळच्या झाडाच्या किंवा इमारतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावा आणि हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे दररोज सकाळी साडेआठ वाजता वाचावा. विकतचा पर्जन्यमापक नसेल तर सपाट तळाच्या व सरळ उभ्या भिंतीच्या डब्यात मोजपट्टी बुडवूनही आरंभ करता येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, अर्थात दर हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. एक हजार हेक्टर क्षेत्राच्या गावात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गावाच्या हद्दीत ५०० कोटी लिटर पाणी उतरले. हा हिशेब विद्यार्थ्याने फळ्यावर मांडला आणि त्याच गावात उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर पुढचा प्रश्न शिक्षकाला विचारावा लागणार नाही. तो विद्यार्थीच विचारील.

दुसरी गोष्ट विहीर. कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि नेहमी त्याच खुणेपासून, वजन बांधलेल्या मोजफितीने, पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, उपसा सुरू होण्यापूर्वी सकाळीच मोजावे. विहिरीचा तळ किती खोल आहे हे एकदा नोंदवून ठेवले म्हणजे पाण्याची उंची आपोआप निघते.

तिसरी गोष्ट झाडे व पाखरे. बहावा फुलल्यानंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगतात. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागला की शेतकरी तिफण काढतो. हे खरे काय? खरे असल्यास किती वर्षे खरे ठरले? मुलांनी शाळेच्या वाटेवरील एकच बहावा निवडून पहिले फूल उमलल्याची तारीख, पावशाची पहिली हाक ऐकल्याची तारीख आणि पहिल्या मोठ्या पावसाची तारीख अशा तीन तारखा दरवर्षी लिहाव्यात. दहा वर्षांनी त्या वहीपुढे विद्वानालाही बसावे लागेल.

ही कल्पना नवी नाही. केरळात शेकडो शाळांतील मुले २०१० नंतर ‘सीझनवॉच’ या उपक्रमाद्वारे आपापल्या झाडाची पाने, फुले व फळे यांची नोंद दर आठवड्याला करीत आली आहेत. तेथे बहाव्याचे फूल एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विशू सणाचे मानाचे फूल होय. मुलांच्या नोंदींत ते झाड सणाच्या पुष्कळ आधी आणि अवेळीही फुललेले आढळले. ऋतुमानाच्या बदलाची चर्चा मोठमोठ्या परिषदांत होते. तिचा एक पुरावा मात्र शाळकरी मुलांच्या वहीत सापडला.

कोऱ्या रकान्याचे मोल

मित्रहो, आता एका अप्रिय गोष्टीकडे मला वळावे लागत आहे.

मी माहिती खात्यातला माणूस. वृक्षारोपणाच्या कितीतरी समारंभांची वृत्ते मी माझ्या लेखणीने लिहिली आहेत. किती रोपे लावली, हा आकडा त्यात न चुकता असे. तीन वर्षांनी त्यांतील किती जगली, हे ना मी कधी विचारले, ना मला कोणी विचारावयास लावले. उपक्रमाचे छायाचित्र छापून आले की उपक्रम संपला, असे मानण्याची जी सवय आपणां सर्वांना जडली आहे, तिच्यात माझाही वाटा आहे, हे येथे कबूल केले पाहिजे.

हीच सवय मुलांच्या नोंदवहीत शिरली तर काय होते, ते मी पाहिले आहे. एका शाळेत मला पर्जन्य व विहीर यांची नोंदवही दाखविण्यात आली. अक्षर सुंदर होते, एकही रकाना कोरा नव्हता. रविवारच्या नोंदी होत्या, दिवाळीच्या सुट्टीतल्याही होत्या. सबंध वर्ष एकाच शाईने लिहिलेले होते आणि विहिरीची पातळी दर पंधरवड्याला बरोबर वीस सेंटिमीटरने उतरत गेली होती. पाहुणे येणार म्हणून आदल्या आठवड्यात वही पुरी करण्यात आली होती, हे समजावयास तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षी दुसऱ्या एका शाळेत मी एक फाटकी, पावसात भिजून फुगलेली वही पाहिली. तिच्यातील एका नोंदीत आकड्याच्या जागी आठवीतल्या एका मुलीने लिहिले होते : ‘आज मोजले नाही. दोर तुटला.’ बाईंना त्या नोंदीचा थोडा संकोच वाटत होता. मी त्यांना म्हणालो, “बाई, या एका ओळीमुळे तुमच्या वहीतले बाकीचे सर्व आकडे खरे ठरले.”

खोट्या नोंदीने विज्ञानाची हानी होते हे तर खरेच. परंतु त्याहून मोठी हानी मुलाची होते. मोठी माणसे मागतात म्हणून आकडा द्यावयाचा असतो, तो खरा असण्याची आवश्यकता नसते, हा धडा ते चौदाव्या वर्षी शिकते आणि पुढे जन्मभर, कदाचित एखाद्या शासकीय खुर्चीत बसूनही, गिरवीत राहते. म्हणून अधिकारी बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे : शाळेची वही तपासताना कोरा रकाना दिसला तर रागावू नका. ‘का मोजले नाही?’ एवढेच विचारा, आणि कारण लिहिलेले असेल तर त्या मुलाची पाठ थोपटा. नोंदवह्यांची स्पर्धा लावू नका. ज्या दिवशी सर्वांत भरलेल्या वहीला बक्षीस मिळेल, त्या दिवसापासून वह्या विहिरीवर न भरता वर्गात भरल्या जातील.

नोंदीचे पुढे काय?

मुलाने मोजले, वहीत लिहिले आणि वही कपाटात गेली, तर दुसऱ्या वर्षी ते मोजणार नाही, आणि त्याचे चुकले असे आपणांस म्हणता येणार नाही. नोंदीचा उपयोग होतो हे त्याला दिसले पाहिजे. येथे जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे.

ऑक्टोबरच्या प्रारंभी बहुतेक गावांत ग्रामसभा भरते. पाऊस ओसरलेला असतो, विहिरी वर्षातील सर्वोच्च पातळीजवळ असतात आणि रब्बीचे पीक ठरावयाचे असते. या सभेत पहिला विषय म्हणून विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे आपली वही वाचावी. एकूण पाऊस किती, गेल्या वर्षीपेक्षा विहिरींत पाणी किती कमी वा अधिक, एवढेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून, पाऊस कमी झाला त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची व कोणती टाळावयाची हे गावाने मिळून ठरविण्याची रीत घालून दिली आहे. ताळेबंदाला जमेची बाजू लागते, आणि जमेचा आकडा आपल्या गावात कोणीतरी मोजलेला असावा लागतो.

दुसरा उपयोग जैवविविधता नोंदवहीचा. गावकऱ्यांनीच आपल्या परिसरातील सजीवांची व त्यांविषयीच्या ज्ञानाची नोंद करावी, ही कल्पना डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुजविली. पश्चिम घाटातील महाविद्यालयांच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांना त्यांनी निरीक्षणाच्या कामी जोडून घेतले होते. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे ठरविले. नोंदवह्या पूर्ण करण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा देशभर घाईने वह्या भरल्या गेल्या. आपल्या ग्रामपंचायतीतही अशी एक वही असेल. ती उघडून पाहावी. त्यात झाडांची नावे असतील, पण ती झाडे आज आहेत काय, हे ती वही सांगू शकणार नाही. एकदा केलेली यादी हे एका दिवसाचे छायाचित्र असते. तिच्यात दरवर्षी भर घातली तरच तिला नोंदवही म्हणता येईल. समितीने शाळेच्या एका शिक्षकाला आपल्या बैठकीस निमंत्रित करावे आणि विद्यार्थ्यांच्या वार्षिक नोंदी त्या वहीस जोडाव्यात. यासाठी कोणत्याही वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.

काही पथ्ये

अखेरीस काही पथ्ये सांगणे माझे कर्तव्य आहे.

विद्यार्थ्यांना कठडा नसलेल्या विहिरीवर पाठवू नये. विहिरीवर व ओढ्यावर मोठे माणूस बरोबर असल्यावाचून मोजमाप होऊ नये. पूर आलेल्या पाण्याजवळ कोणीही जाऊ नये. एक नोंद चुकली तरी चालेल. पाणी चाखून पाहणे, घरट्यातील अंडी हाताळणे, साप पकडणे यांना पूर्ण मज्जाव असावा.

दुसरे पथ्य अधिक नाजूक आहे. नोंद करताना मुलांना ओढ्यातील वाळू उपसलेली दिसेल, तोडलेले झाड दिसेल, कोणाच्या गोठ्याचे सांडपाणी विहिरीकडे वळलेले दिसेल. ते त्यांनी जसे दिसले तसे लिहावे, पण कोणाचेही नाव लिहू नये. मुलांचे काम नोंदीचे आहे, कारवाईचे नव्हे. कारवाई हे ग्रामपंचायतीचे व संबंधित खात्याचे काम आहे, आणि ते टाळण्यासाठी मुलांना पुढे करणे किंवा नोंद केली म्हणून मुलांवर व शिक्षकावर रोष धरणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अनुचित होत. सरपंचांनी आरंभीच ग्रामसभेत जाहीर करावे, की या वहीतील आकडे गावाचे आहेत आणि त्यांचे संरक्षण गाव करील. एवढे आश्वासन नसेल, तर शिक्षकाने हे काम हाती घेऊ नये असेच मी म्हणेन.

बंधुभगिनींनो, यासाठी साधने फारशी लागत नाहीत. एक पर्जन्यमापक, एक मोजफीत, एक जाड पुठ्ठ्याची वही आणि ती खरी भरली जाईल यावर लक्ष ठेवणारा एक शिक्षक. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता आपल्या शाळेच्या पटांगणात दोन मुले त्या मापकावर वाकलेली असावीत, एवढीच अपेक्षा मी आपणांपाशी ठेवतो. आपले गाव दहा वर्षांपूर्वी कसे होते, असे पुढे कोणी विचारील, तेव्हा त्या वहीचे पान उघडून दाखविता येईल.